होडीवरचं मोबाईल चार्जिंग पुन्हा पुन्हा बंद पडतंय? नवा चार्जर आणण्याआधी हे मोजा

होडीच्या बॅटरीवरून यूएसबी पॉइंट काढला, सुरुवातीला छान चालला, मग चार्जिंग चालू-बंद, चालू-बंद सुरू झालं. नवा चार्जर आणून लावला, थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, ऐरोली, नवी मुंबईतल्या कुठल्याही जेट्टीवर जा, ही तक्रार ऐकायला मिळतेच. मी बेलापूरला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो आणि होड्यांची वायरिंग हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. त्यामुळे हे सविस्तर लिहितोय.

बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारं मॉड्यूल, म्हणजे आपण ज्याला चार्जर म्हणतो ते, बऱ्याचदा ठणठणीत असतं. दोष असतो बॅटरी आणि मॉड्यूल यांच्यातल्या एखाद्या जोडात. नवा चार्जर लावताना आपण जुना जोड सोडून तार पुन्हा पिळतो. तांबं थोडं घासलं जातं, तात्पुरता संपर्क सुधारतो आणि श्रेय नव्या चार्जरला मिळतं. महिन्याभरात खारं पाणी पुन्हा आपलं काम करतं. म्हणून हा आजार फिरून फिरून येतो.

आणि हा विषय किरकोळ नाही. लहान होडीवर आज नकाशा, हवामान, भरती-ओहोटीची वेळ, मासळीचा सौदा, घरी निरोप, सगळं एका फोनवर आहे. तटरक्षक दलाचा शोध आणि बचावासाठीचा १५५४ हा नंबरही फोन चालू असेल तरच लागतो. पॉइंट बसवायचा तर तो भरवशाचाच हवा.

आधी लक्षण नीट ओळखा

"चार्जिंग होत नाही" असं सगळेच सांगतात, पण त्यात दोन वेगवेगळे आजार असतात आणि दोघांची जागा वेगळी असते.

पहिला आजार असा: फोन चार्जिंग दाखवतो, पण टक्के वाढत नाहीत, किंवा नकाशा चालू ठेवला तर उलट कमी होतात. इथे दोष बहुधा पाच व्होल्टच्या बाजूला, म्हणजे मॉड्यूल ते फोन या भागात असतो. व्होल्टेज खाली गेलं की आजचे फोन स्वतःच कमी करंट ओढायला लागतात. त्यामुळे चार्जिंग तुटत नाही, नुसतं मंदावतं.

दुसरा आजार: चार्जिंगची खूण येते, जाते, येते, जाते, फोन दर दोन सेकंदांनी टिंग टिंग वाजतो. त्यातही एक फोन लावला तर चालतो आणि दुसरा लावला की दोन्ही बंद. हे दिसलं तर बारा व्होल्टच्या बाजूचा जोड खराब आहे, असं बहुतेक वेळा छातीठोक सांगता येतं. कारण समजून घ्या, कारण ते कळलं की पुढची सगळी शोधाशोध सोपी होते.

स्विचिंग मॉड्यूल बल्बसारखं वागत नाही. बल्बला व्होल्टेज कमी मिळालं तर तो कमी करंट घेतो आणि मंद जळतो. मॉड्यूलला मात्र फोनला ठरलेले वॉट द्यायचेच असतात. त्याच्याकडे येणारं व्होल्टेज घसरलं की ते भरून काढायला ते जास्त करंट ओढतं. जास्त करंट ओढला की खराब जोडात व्होल्टेज आणखी पडतं. मग आणखी करंट, आणखी घसरण.

आकड्यात बघू. बॅटरी १२.५ व्होल्ट, जोडाचा रोध २ ओहम. एक फोन १० वॉट घेतोय, मॉड्यूलची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मॉड्यूलला साधारण १२ वॉट हवेत. हिशोब केला तर करंट सुमारे १.२ अँपिअर येतो आणि मॉड्यूलच्या तोंडाशी जेमतेम १० व्होल्ट पोचतात. फोनला काही कळत नाही, चार्जिंग छान चालतं. आता दुसरा फोन लावा. गरज २४ वॉटवर गेली. पण २ ओहमच्या जोडातून या बॅटरीवरून जास्तीत जास्त १९.५ वॉटच पलीकडे जाऊ शकतात, मॉड्यूल कितीही चांगलं असो. व्होल्टेज कोसळतं, मॉड्यूल बंद पडतं, दोन्ही फोन सुटतात. भार गेल्याबरोबर व्होल्टेज परत वर येतं, मॉड्यूल जागं होतं, फोन पुन्हा करंट मागतात, पुन्हा कोसळतं. टिंग टिंग आवाजामागे हे चक्र असतं.

रिकाम्या तारेवर मोजू नका

"मीटर लावून बघितलं, बारा साडेबारा व्होल्ट बरोबर येतात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की सगळ्यात आधी यावरच बोलायला हवं. भार नसताना मल्टिमीटर कुजक्या तारेच्या शेवटच्या एका धाग्यावरसुद्धा पूर्ण १२.५ दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही. करंट नाही तर घसरण नाही. भार लावून मोजलं तरच खरं दिसतं.

भार म्हणून फोन लावू नका, तो स्वतःच्या मर्जीने करंट कमी-जास्त करतो. ४.७ ओहम, १० वॉटचे दोन सिरॅमिक रेझिस्टर आणा. ते पांढरे चौकोनी ठोकळे असतात, स्वस्तात मिळतात. जुनी यूएसबी केबल कापून तिच्या लाल आणि काळ्या तारेला एक रेझिस्टर जोडला की ५ व्होल्टवर १ अँपिअरहून थोडा जास्त भार होतो. दोन समांतर जोडले की २.१ अँपिअर. रेझिस्टर चटका बसेल इतके तापतात, म्हणून लाकडावर किंवा जाळ्यावर न ठेवता टाइलच्या तुकड्यावर ठेवा आणि मोजून झालं की लगेच काढा.

भार लावून पहिलं माप यूएसबी सॉकेटवर घ्या. ४.७५ ते ५.२५ मध्ये असेल तर पॉइंट ठीक आहे, केबल बदलून बघा. कमी असेल तर दुसरं माप मॉड्यूलच्या आउटपुटवर. तिथे बरोबर ५ आणि सॉकेटवर ४.४ असेल तर चोर त्या दोघांच्या मधे आहे. मॉड्यूलच्या आउटपुटलाच कमी येत असेल तर तिसरं माप मॉड्यूलच्या इनपुटवर.

इनपुटवर व्होल्टेज पडलेलं दिसलं की जोड शोधायचा एक सोपा मार्ग आहे. मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाला टेकवा, म्हणजे खुद्द शिशाच्या खांबाला, त्यावर बसवलेल्या क्लॅम्पला नाही. काळी तार मॉड्यूलच्या पॉझिटिव्ह इनपुटला टेकवा. भार चालू ठेवा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट त्या मधल्या रस्त्यात वाया जातायत. ०.३ च्या आत असेल तर उत्तम. १ किंवा २ दिसला तर काळी तार एकेक जोड मागे आणत जा. ज्या जोडाच्या मॉड्यूलकडच्या बाजूला आकडा मोठा आणि बॅटरीकडच्या बाजूला लहान, तो जोड गुन्हेगार.

मग हेच सगळं निगेटिव्हच्या बाजूने करा. हे अनेक जण विसरतात. फ्यूज, स्विच, सगळं पॉझिटिव्हला असल्याने शोधही तिथेच संपतो. प्रत्यक्षात दिवाळ्याच्या होड्यांवर मला निगेटिव्हचा जोड खराब झालेला जास्त वेळा सापडतो, कारण तिथे चार-पाच तारा एकाच नटखाली कोंबलेल्या असतात आणि त्यांच्याकडे वर्षभर कोणी बघत नाही.

जोड आतून कसा दिसतो

एका फायबरच्या होडीवर नाखवा नवा चार्जर हातात घेऊनच उभे होते. "दादा, तिसरा आणलाय, हा तरी टिकेल असा बसवून द्या." जुना पॉइंट बाहेरून नीटनेटका होता. काळी पट्टी गुंडाळलेली, वर सिलिकॉन फासलेलं. पट्टी सोडली तर आतून चिकट पाणी निघालं. पट्टीने पाणी अडवलं नव्हतं, आत गेलेलं पाणी धरून ठेवलं होतं. पिळलेले धागे हिरवे झाले होते आणि चिमटीत धरल्यावर त्यांची पूड होत होती. तार मागे सोलत गेलो तर जवळजवळ बोटभर लांबीपर्यंत तांबं काळं. इन्सुलेशन बाहेरून नवं कोरं. तारेच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून खारं पाणी आत शोषलं जातं आणि रबराच्या आतल्या आत पुढे सरकतं, म्हणून असं होतं. त्यामुळे जोड कापून तिथेच पुन्हा जोडला तर तुम्ही काळ्या तांब्यालाच काळं तांबं जोडता. चकचकीत लालसर तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं. तार आखूड पडली तर ती सगळीच बदलायची.

आपल्या खाडीत यात आणखी एक भर पडते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळातून जो सडका वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो तांबं काळं करतो. गाळावर टेकून राहणाऱ्या होड्यांवर उघडं तांबं फार टिकत नाही.

यूएसबी सॉकेटचंही जवळून बघण्यासारखं आहे. मोठ्या चौकोनी सॉकेटमध्ये टॉर्च मारून चार पट्ट्या बघा. कडेच्या दोन पट्ट्यांपैकी एकच हिरवी पडलेली, झिजलेली दिसेल आणि दुसरी बऱ्यापैकी शाबूत. खाल्लेली पट्टी पॉझिटिव्हची. सॉकेटवर सतत पाच व्होल्ट असतील आणि आत खारा ओलावा असेल तर त्या ओलाव्यातून बारीकसा करंट वाहत राहतो आणि पॉझिटिव्ह पट्टीचा धातू विरघळत जातो. फोन लावलेला नसतानाही हे दिवसरात्र चालूच असतं. यावर उपाय म्हणजे स्विच. वापर नसेल तेव्हा पॉइंट पूर्ण बंद. स्विच पॉझिटिव्ह तारेतच हवा. निगेटिव्हमध्ये टाकलेला स्विच बंद केला तरी पॉझिटिव्ह सॉकेटपर्यंत जिवंतच राहतो.

लांब पल्ला बारा व्होल्टने न्या

बॅटरी मागे इंजिनाजवळ आणि पॉइंट पुढे केबिनमध्ये, अशी मांडणी नेहमीची. मॉड्यूल बॅटरीजवळ बसवून तिथून पाच व्होल्ट लांबवर न्यायचे, हे सोयीचं वाटतं, पण तसं करू नका. अंतर ६ मीटर धरा, जाऊन-येऊन १२ मीटर तार. दीड एमएमच्या तांब्याच्या तारेत एवढ्या लांबीला सुमारे ०.१४ ओहम रोध येतो. दोन फोनसाठी पाच व्होल्टच्या बाजूने ४ अँपिअर लागतात, म्हणजे ०.५५ व्होल्ट वाटेतच गेले आणि सॉकेटवर साडेचारहून थोडेच कमी उरले. तेच काम बारा व्होल्टवर २ अँपिअरमध्ये होतं. घसरण ०.२८ व्होल्ट, आणि बारातून ती गेली तरी मॉड्यूलला फरक पडत नाही.

अनेकांनी घरी उरलेली अर्ध्या एमएमची पातळ वायर वापरलेली असते. तिचा रोध तिप्पट. पाच व्होल्टने नेलं तर सॉकेटवर चार व्होल्टसुद्धा पोचणार नाहीत. म्हणून मॉड्यूल सॉकेटच्या मागेच, हातभराच्या आत, आणि बॅटरीपासून तिथवर दीड एमएमची तार. मिळाली तर कथिलाचा मुलामा दिलेली, म्हणजे टिन्ड कॉपर घ्या. थोडी महाग पडते, पण खाऱ्या हवेत साध्या तारेच्या कितीतरी पट टिकते.

पुन्हा बांधताना

बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून साधारण वीतभर अंतरात फ्यूज. पातीचा, झाकण असलेल्या होल्डरमधला, ५ अँपिअरचा. फ्यूज असतो तो तारेला वाचवायला, चार्जरला नव्हे. पलीकडे कुठेही तार घासून शॉर्ट झाली तर बॅटरीचे शेकडो अँपिअर त्या तारेतून जातील आणि फायबरच्या होडीत आग लागायला तेवढं पुरतं. फ्यूज मॉड्यूलजवळ बसवला तर मधली सगळी तार संरक्षणाविना राहते.

फ्यूजनंतर स्विच, स्विचनंतर सलग तार, मधे एकही जोड नाही. टोकांना थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर चढवायची धातूची टोपी, नीट हत्याराने दाबून बसवा, पक्कडीने चेपू नका. वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवून गरम करा. गोंद कडेने बाहेर डोकावला की समजायचं की पाणी अडलं. काळी पट्टी तारा एकत्र बांधायला चांगली, जोड झाकायला नाही. नुसता सोल्डर मारून सोडलेला जोडही होडीवर नको. सोल्डर जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

निगेटिव्ह तारही बॅटरीपर्यंत स्वतंत्र न्या. इंजिनाच्या धातूला टेकवून गाडीसारखं अर्थिंग घेऊ नका, खाऱ्या पाण्यात तसे भटके करंट धातू खातात.

मॉड्यूल निवडताना ७८०५ ही जुनी तीन पायांची आयसी विसरा. ती बारातले सात व्होल्ट नुसत्या उष्णतेत घालवते. १ अँपिअरला ७ वॉट उष्णता, कितीही मोठा हीटसिंक लावला तरी बंद डब्यात ती टिकणार नाही. एलएम २५९६ चं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. ते इनपुटला ४० व्होल्टपर्यंत सहन करतं आणि नाव ३ अँपिअरचं असलं तरी बंद डब्यात त्याच्याकडून दोनपेक्षा जास्त मागू नका. दोन फोन पूर्ण वेगाने हवे असतील तर दोन मॉड्यूल बसवा.

या मॉड्यूलवर व्होल्टेज फिरवायचा छोटा निळा पॉट असतो, त्याबद्दल मात्र मनापासून सावध करतो. थरथरीने आणि ओलाव्याने त्याचा संपर्क सुटला तर आयसीला वाटतं की आउटपुट कमी पडतंय आणि ती जवळजवळ पूर्ण बॅटरी व्होल्टेज यूएसबीवर सोडते. फोन जागच्या जागी जाऊ शकतो. म्हणून ठरीव पाच व्होल्टचंच मॉड्यूल घ्या. पॉटवालंच हातात असेल तर भार लावून ५.१ वर आणा, पॉट काढून त्याच मापाचा कायमचा रेझिस्टर बसवा.

सॉकेटच्या मधल्या दोन पट्ट्या, म्हणजे डेटाच्या, मोकळ्या सोडल्या तर बरेच फोन अर्ध्या अँपिअरवरच थांबतात. त्या दोन एकमेकींना जोडा, मग फोन समोरच्याला भिंतीवरचा चार्जर समजतो आणि दीड अँपिअरपर्यंत घेतो. "नवं बसवलं, व्होल्टेजही बरोबर, तरी फोन हळू चार्ज होतो" याचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

टाइप-सी सॉकेट स्वतः जोडलं असेल तर आणखी एक अडचण येते. मोठ्या चौकोनी सॉकेटवर नुसत्या दोन तारा जोडून ए-टू-सी केबलचे दिवस निघतात, पण टाइप-सी सॉकेटला दोन्हीकडे सी असलेली केबल लावली की काहीच होत नाही. सीसी नावाच्या दोन पट्ट्या असतात. त्या प्रत्येकीपासून पाच व्होल्टला २२ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लावला की फोनला कळतं की इथे दीड अँपिअरचा पुरवठा आहे. दोन्हींना मिळून एकच लावू नका.

डबा सॉकेटसकट झाकणाचा हवा, तोंड खाली किंवा आडवं, आकाशाकडे नको. तारा खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळावरूनच टपकून जाईल. जागा बॅटरीच्या पेटीत नको, चार्ज होताना तिथे हायड्रोजन निघतो. पेट्रोलच्या टाकीजवळ तळाशीही नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. वर, कोरड्यात, छातीच्या उंचीला बसवा.

इंजिन चालू असतानाच त्रास होत असेल तर

इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बघून घ्या, तो आधी बॅटरीतलं पाणी आटवेल आणि मग बाकीचं सगळं जाळेल. इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प सैल होऊन क्षणभर सुटला तर अल्टरनेटरमधून मोठा झटका येतो. खराब झालेल्या मॉड्यूलपैकी बरीच अशा झटक्याने गेलेली असतात. मॉड्यूलच्या इनपुटला आडवा १.५केई२४ए हा झटका शोषणारा डायोड लावा, पट्टीचं टोक पॉझिटिव्हला. तो झटका साधारण ३३ व्होल्टवर रोखतो आणि एलएम २५९६ वाचते.

दोरी ओढून चालू होणाऱ्या छोट्या आउटबोर्ड इंजिनाच्या दिव्याच्या कॉइलवरून थेट यूएसबी काढू नका. तिथे एसी असतो आणि वेग वाढला की व्होल्टेजही बेफाम वाढतं. मधे रेक्टिफायर-रेग्युलेटर आणि बॅटरी हवीच.

चार्ज होताना फोनचा पडदा आपोआप उघडझाप करतो, बोट एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे सरकतो, याला मॉड्यूलच्या आउटपुटमधली लहर कारण असते. आउटपुटवर ४७० मायक्रोफॅरॅडचा लो-ईएसआर कॅपॅसिटर आणि शेजारी ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक लावला की बहुतेक वेळा ते थांबतं.

फोनने ओलाव्याचा इशारा दिला तर आधी केबलचं टोक बघा, पोर्टमध्ये टाचणी घालू नका. टोकावर मिठाचा पांढरा थर असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या ब्रशने निघतो. पूर्ण वाळल्यावरच लावा.

सोलर लावलेल्यांसाठी

१२ व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनेल उन्हात मोकळं असताना २१-२२ व्होल्ट देतं. थेट मॉड्यूलला जोडलं तर कडक उन्हात चालतं, ढग आला की वर सांगितलेलं तेच कोसळण्याचं चक्र सुरू होतं, कारण अशक्त पॅनेल आणि खराब जोड मॉड्यूलला सारखेच दिसतात. मधे चार्ज कंट्रोलर आणि छोटी बॅटरी ठेवा. यूपीएसमधली ७ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी ८४ वॉट-तासांची, तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ४२. आजचा ५००० एमएएचचा फोन सुमारे १९ वॉट-तासांचा, वाटेतले तोटे धरून २५. म्हणजे दीड फोन. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या खाडीतल्या होडीला एवढंच हवं असेल तर माझं प्रामाणिक मत असं की वायरिंगच्या भानगडीत न पडता चांगली पॉवर बँक झिपच्या पाणबंद पिशवीत ठेवा. बसवलेला पॉइंट ज्यांना रात्र बाहेर काढायची असते त्यांच्यासाठी.

मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत

१ जून ते ३१ जुलै होडी बंद. ऑगस्टमध्ये बॅटरी मेलेली सापडते आणि दोष बॅटरीवर जातो. बाजारात मिळणाऱ्या गोल यूएसबी सॉकेटवर व्होल्ट दाखवणारा निळा किंवा लाल आकडा असतो. तो आणि आतलं मॉड्यूल मिळून २० मिलिअँपिअर खात असतील तरी दिवसाला जवळपास अर्धा एएच होतो. ६१ दिवसांत सुमारे २९ एएच. ३५ एएचची बॅटरी पूर्ण भरून ठेवली होती तरी तिच्यात फारसं काही उरणार नाही आणि शिशाची बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती पहिल्यासारखी होत नाही. नुसता स्विच बंद करून समाधान मानू नका, पॉझिटिव्ह क्लॅम्पच काढून ठेवा. बॅटरी घरी नेता आली तर आणखी चांगलं, महिन्यातून एकदा चार्ज करा.

होडी पुन्हा पाण्यात घालण्याआधी क्लॅम्प आणि खांब चकचकीत घासा, घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग आवळू नका. त्यानंतर रेझिस्टरचा भार लावून दोन्ही बाजूंची घसरण मोजा आणि आकडा डब्याच्या झाकणाच्या आत मार्करने तारखेसकट लिहून ठेवा. ०.३ चा ०.६ झाला की जोड बिघडायला लागलाय हे फोन बंद पडायच्या कितीतरी आधी कळतं.

व्हीएचएफ रेडिओ असेल तर हेही तपासा

स्वस्त स्विचिंग मॉड्यूल रेडिओत खरखर पाठवतात आणि ही बाब मला चार्जिंगपेक्षाही महत्त्वाची वाटते. चॅनल १६ लावा, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, इतकंच फिरवा की खरखर नुकतीच थांबेल. आता यूएसबी पॉइंट चालू करून फोन लावा. खरखर परत आली तर तुमचा चार्जर दूरचा क्षीण आवाज गिळतोय. सेटला काही झालेलं नसतं, दिवसभर कळतही नाही, आणि कोणी मदतीसाठी हाक मारली तर ती ऐकू येत नाही.

मॉड्यूल अँटेनाच्या केबलपासून लांब हलवा, इनपुटच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या, मॉड्यूलजवळ इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे फेराइटचा चिमटा लावा आणि जमलं तर मॉड्यूल पत्र्याच्या छोट्या डब्यात घालून तो डबा निगेटिव्हला जोडा. एवढं करूनही खरखर राहिली तर ते मॉड्यूल काढून दुसऱ्या बनावटीचं लावा, आणि तोवर फोन चार्ज करायचा तो होडी धक्क्याला लागल्यावरच.